दोन घनमीटरचा गोबरगॅस: शेण मोजण्यापासून शेगडी पेटेपर्यंत

भारतात जळणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के गॅस बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक सौदी अरेबिया, अमिराती, कतार, कुवेत या आखाती देशांतून. आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत गडबड झाली, की उरण आणि मंगळूरच्या धक्क्यांवर गॅसची जहाजं कधी लागणार याची चिंता सुरू होते. गोठ्यात चार-पाच जनावरं असलेल्या घराला निदान स्वयंपाकापुरतं यातून बाहेर पडता येतं, ते गोबरगॅसमुळे. पण टाकीवर गवत उगवलेली, वर्षानुवर्षं बंद पडलेली संयंत्रंही गावोगाव दिसतात. त्यांच्या मालकांना विचारलं तर उत्तर येतं, "गॅसच येईना." खोलात गेलं की कळतं, संयंत्र बांधलं दोन घनमीटरचं, म्हणजे रोज तेवढा गॅस देऊ शकेल असं, आणि शेण पडतं एका घनमीटरचं. म्हणून सुरुवात विटा-सिमेंटपासून करायची नाही.

आधी आठ दिवस शेण मोजा

बांधून ठेवलेली गाय दिवसाला साधारण १० किलो शेण देते, म्हैस १५ किलो. चरायला सोडलेल्या जनावराचं निम्मं शेण रानातच पडतं, ते हिशेबात धरू नका. घमेलं काट्यावर ठेवून सलग आठ दिवस वजन लिहा आणि सरासरी काढा. गोवऱ्या थापायला, सारवायला जाणारं शेणही वजा करा. घरातल्या बाईला विचारल्याशिवाय हा आकडा खरा निघत नाही.

एक घनमीटर गॅसला २५ किलो ताजं शेण लागतं. एका माणसाच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला साधारण पाव ते एक तृतीयांश घनमीटर गॅस जातो. म्हणजे सहा माणसांच्या घराला दोन घनमीटर आणि त्यासाठी रोज ५० किलो शेण. शेण ३० किलोच पडत असेल, तर एक घनमीटरचं बांधा आणि भाकरीपुरती सिलेंडरची सोबत ठेवा. अर्धपोटी राहिलेलं मोठं संयंत्र लहानापेक्षा जास्त गॅस देत नाही. खर्च तेवढा जास्त करवतं.

गणित असं: एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो एलपीजी. दोन घनमीटरचं संयंत्र कागदावर वर्षाला ३१० किलोच्या वर, म्हणजे १४.२ किलोच्या २२ टाक्यांइतका गॅस देतं. प्रत्यक्षात थंडीत उत्पादन घटतं आणि शेगडीत थोडा वाया जातो. वर्षाला आठ-नऊ टाक्या लागणाऱ्या घराने त्या सगळ्या वाचवल्या, तरी संयंत्राने आपलं काम केलं असं समजावं.

या गॅसवर पाण्याचं इंजिनही चालवू, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. एका अश्वशक्तीला तासाला जवळपास अर्धा घनमीटर गॅस लागतो आणि तोही थोड्या डिझेलच्या जोडीने. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाने तासाभरातच दिवसाचा गॅस संपतो. डिझेल वाचवायचं असेल तर सौर पंपाचा अर्ज करा. गोबरगॅस चुलीसाठीच ठेवा.

जागा आणि मातीचा प्रश्न

संयंत्र गोठा आणि स्वयंपाकघर या दोघांच्या मधे, पण गोठ्याकडे झुकलेलं असावं. गॅस पाइपातून आपोआप जातो, शेण मात्र रोज कुणीतरी वाहायचं असतं. विहिरीपासून किमान १५ मीटर, घराच्या पायापासून किमान दोन मीटर अंतर ठेवा. दिवसभर ऊन लागेल अशी जागा घ्या. वड, पिंपळ, चिंच जवळ नको. मुळं विटांच्या सांध्यातून आत शिरतात.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात बसवलेला पक्का घुमट, म्हणजे गॅस धरणारं टाकीचं विटांचं छत, दोन-तीन वर्षांत तडकतो. अशा ठिकाणी खड्डा एक-दीड फूट जास्त रुंद घ्या. तळाला मुरूम ठोकून बसवा आणि बाजूंनीही उपसलेली काळी माती परत न टाकता मुरूमच भरा. कोकणात अडचण उलटी: पावसाळ्यात पाणी जमिनीच्या जवळ येतं आणि रिकामी टाकी खालून उचलली जाते. तिथे काम दिवाळीनंतर सुरू करून पावसाच्या आत टाकी भरलेली हवी. जांभ्याच्या चिऱ्यांनी घुमट बांधू नका, तो सच्छिद्र असतो. विटा आणायला लागल्या तरी आणा. पाणी फारच वर असेल तर तरंगत्या टाकीचं किंवा तयार प्लास्टिकचं संयंत्र घेतलेलं बरं.

आपल्याकडे दोन पक्के प्रकार जास्त दिसतात. खादी ग्रामोद्योगाचं तरंगत्या लोखंडी टाकीचं संयंत्र जुनं. त्यात गॅस किती आहे ते टाकीच्या उंचीवरून दिसतं, पण टाकी दरवर्षी रंगवली नाही तर गंजते. दुसरं दीनबंधू, १९८४ साली 'अफ्प्रो' या संस्थेने तयार केलेलं. यात लोखंड जवळपास नाही, सगळं जमिनीखाली, खर्च कमी. मात्र गवंडी कच्चा असेल तर ते पहिल्या दिवसापासून गळतं. पुढची मापं दीनबंधूची आहेत.

बांधकाम

काम सुरू करण्याआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन अनुदानाची चौकशी करा. मंजुरीआधी बांधलेल्या संयंत्राला अनुदान मिळवताना नाकी नऊ येतात. नकाशा आणि प्रशिक्षित गवंड्यांची नावंही तिथेच विचारा. घरगुती संयंत्रांच्या बांधकामासाठी भारतीय मानक आयएस ९४७८ आहे. नकाशा त्याला धरून आहे ना, तेवढं पाहा.

दोन घनमीटरला साधारण १००० पक्क्या विटा, १४ गोणी सिमेंट, पाऊण ब्रास वाळू, अर्ध्या ब्रासच्या आत बारीक खडी, शेण घालायला सहा इंची पाइप सहा फूट आणि घुमटाच्या माथ्यावर बसवायचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा सॉकेटसह तुकडा लागतो. वीट वाजवून घ्या, खणखणीत आवाज आला पाहिजे. वाळू धुऊन घ्या. मातकट वाळूचा गिलावा गॅस धरत नाही.

खड्डा सुमारे सहा फूट खोल, दहा फूट व्यासाचा. तळ सपाट न ठेवता कढईसारखा खोलगट. काँक्रीट टाकल्यावर तळाच्या बरोबर मध्यावर खुंटी उभी करा आणि तिला दोरी बांधा. घुमटाची आतली त्रिज्या सव्वा मीटरच्या आसपास असते. नकाशावर असेल त्या मापावर दोरीला गाठ मारा आणि प्रत्येक वीट लावताना गाठ विटेच्या आतल्या कडेला टेकवून पाहा. सेंटरिंग (खालून आधाराचा साचा) लागत नाही, पण दोरी सोडून नजरेने लावलेल्या विटांनी घुमट एका बाजूला झुकतो आणि दाब आला की नेमका तिथेच फुटतो. विटा रात्रभर भिजवलेल्या हव्यात. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधे कोरडेच राहतात.

शेण बाहेर पडायच्या खोलीवर विटा वाचवायचा मोह गवंड्याला हमखास होतो. तो होऊ देऊ नका. गॅस साठला की घुमटातली स्लरी, म्हणजे शेण-पाण्याचा काला, खाली ढकलली जाऊन याच खोलीत वर चढते आणि तिच्याच वजनाने गॅस शेगडीपर्यंत रेटला जातो. खोली लहान केली तर गॅस साठायला जागाच उरत नाही. तिचं तोंड नकाशापेक्षा वर ठेवलं तर स्लरी गॅसच्या पाइपात शिरते.

आतून घुमटाला १:३ चा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) गिलावा गुळगुळीत घोटून घ्या आणि त्यावर सिमेंटच्या पाण्याचा हात मारा. गॅस साठतो त्या वरच्या भागाला पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी किंवा काळ्या एनॅमल रंगाचे दोन-तीन हात द्या. ओल्या गिलाव्यावर दिलेला रंग पापुद्रे धरून सुटतो. बांधकामावर किमान दहा दिवस पाणी मारा, उन्हाळ्यात ओली गोणपाटं टाकून. मग चारी बाजूंनी सारख्या थरांनी भराव घाला आणि धुमसून घ्या. एका बाजूने ट्रॅक्टरने माती लोटली तर घुमट सरकतो. माथ्यावर फूटभर माती हवीच, आतल्या दाबाला वरून तेच वजन असतं.

चाचणी न करता शेण टाकू नका

टाकी पाण्याने भरा. विटा-गिलावा पाणी पितात म्हणून पहिल्या दिवशी पातळी थोडी उतरेल. पुन्हा भरून खूण करा. त्यापुढच्या २४ तासांत पातळी ठळक उतरली तर भिंत किंवा तळ गळतोय. हे पार पडलं की माथ्याच्या पाइपाला पारदर्शक नळीचा इंग्रजी 'यू'च्या आकाराचा मॅनोमीटर (दाबमापक) लावा, त्यात रंगीत पाणी घाला आणि शेण घालायच्या तोंडाने आणखी पाणी ओतून आतली हवा दाबा. नळीतला फरक रात्रभर टिकला तर घुमट पक्का. खाली आला तर सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. गळती काडी पेटवून शोधायची नाही, आज नाही आणि गॅस आल्यावर तर मुळीच नाही.

पहिली भरणी

या टाकीला सुरुवातीलाच जवळपास दोन टन शेण आणि तितकंच पाणी लागतं. एका घरचं शेण ४० दिवस साठवायचं म्हटलं तर तळचं सुकतं. सुकलेलं शेण चालत नाही, कारण गॅस करणारे जीवाणू उन्हात मरतात. शेजाऱ्यांकडून, दूध डेअरीच्या गोठ्यांवरून आणा आणि जमवलेलं शेण ओल्या गोणपाटाखाली ठेवा. चालू संयंत्रातून दहा टक्के, म्हणजे चारशे लिटरच्या आसपास स्लरी विरजण म्हणून मिळाली तर गॅस आठ-दहा दिवस आधी येतो.

भरल्यावर गॅसचा कॉक बंद ठेवा आणि रोजचं शेण टाकू नका. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत, थंडीत महिन्याच्या पुढे दाब दिसू लागतो. पहिला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, त्यात उरलेली हवाही मिसळलेली असते. तो पेटत नाही आणि पेटलाच तर स्फोटाचा धोका असतो. दोन-तीन वेळा तो उघड्यावर सोडून द्या. त्यानंतरच शेगडी लावा. निळी ज्योत टिकली की रोजची भरणी सुरू: पहिल्या आठवड्यात निम्मी, मग पूर्ण.

पाइप आणि शेगडी

संयंत्र ते स्वयंपाकघर २०-२५ मीटरपर्यंत पाऊण इंची पाइप पुरतो, त्यापुढे एक इंची घ्या. गॅससोबत वाफ येते आणि पाइपात पाणी होतं. म्हणून पाइपाला शंभरात एक असा सलग उतार द्या आणि सर्वात खालच्या ठिकाणी पाणी काढायचा ट्रॅप बसवा. पाइपाला मधेच झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि ज्योत फडफडते, उड्या मारते. लोक शेगडी बदलून पाहतात. बदलायचा असतो तो पाइपाचा उतार.

एलपीजीची शेगडी या गॅसवर चालत नाही. गोबरगॅसमध्ये मिथेन ५५ ते ६५ टक्केच, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच उष्णतेला जास्त गॅस लागतो, म्हणून या शेगडीचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं छिद्र, मोठं असतं. जुन्या शेगडीचं जेट ड्रिलने वाढवणारे मिस्त्री मिळतात, पण बर्नरची छिद्रं आणि हवेची वाट तीच राहते, ज्योत धड बसत नाही. आयएस ८७४९ मानकाची गोबरगॅस शेगडी घ्या. ज्योत पिवळी आणि भांडी काळी होत असतील तर हवेची झडप थोडी उघडा. ज्योत बर्नरपासून उचलून विझत असेल तर थोडी मिटा.

एक बर्नर तासाला साधारण ०.४५ घनमीटर गॅस खातो. दीनबंधूत दिवसाच्या गॅसचा तिसरा हिस्साच साठतो, म्हणजे सलग एक-दीड तास ज्योत भरात राहते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन वेळा वापर हवा. दिवसभर वापरलाच नाही तर जास्तीचा गॅस शेणाच्या तोंडातून बुडबुडत निघून जातो. आंघोळीचं पाणी यावर तापवलं तर डाळ शिजायला गॅस उरत नाही, त्यासाठी वेगळी सोय बघा.

रोजचं काम आणि रोजच्या चुका

शेण आणि पाणी मापाने सारखं. हाताने कालवून गुठळ्या मोडा. पातळ पिठल्याइतपत झालं पाहिजे. गवताच्या काड्या, कडबा, खडे काढून टाका. काड्या वर तरंगून जाड साय धरतात आणि वाळू तळाला साचून टाकीची जागा खाते. कालवायच्या हौदाच्या तळाशी दोन इंच गाळ राहू द्या, तो बाहेर फेका. आत सोडू नका.

गोठा धुतलेलं पाणी फिनाइल नसेल तरच वापरा. साबण, फिनाइल, डेटॉल, ॲसिड यांपैकी काहीही आत गेलं तर जीवाणू मरतात. अँटिबायोटिक चालू असलेल्या जनावराचं शेण आठ-दहा दिवस उकिरड्यावरच टाका. बाकी सगळं बरोबर असताना अचानक गॅस घटला तर हे कारण बहुधा सापडतं.

थंडीत निफाड-नाशिककडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. ३० ते ३५ अंशांवर खुशीत असलेले हे जीवाणू १५ च्या खाली जवळपास झोपतात. शेण दुपारी कालवा, पाणी काळ्या पिंपात उन्हात तापवून घ्या आणि घुमटावर उसाचं पाचट किंवा कडब्याचा दीड-दोन फुटी थर पसरा. गॅस तरीही घटेल. शेण दुप्पट टाकून तो वाढत नाही. उलट टाकी आंबते: फेस येतो, आंबट उग्र वास येतो, ज्योत विझू विझू होते. तसं झालं तर चार-पाच दिवस भरणी थांबवा, जमल्यास चालू संयंत्रातली स्लरी आणून घाला आणि पुन्हा निम्म्या भरणीने सुरू करा.

गॅस अगदी थांबला तर हा क्रम धरा. आधी ट्रॅपमधलं पाणी काढा. मग कॉक, सांधे यांना साबणाचा फेस लावा. मग शेण बाहेर येणाऱ्या तोंडातून लांब बांबू घालून साय मोडा. एवढ्याने दाब आला नाही तरच घुमटाच्या गळतीचा संशय घ्या.

संडास जोडायचा असेल तर

मैल्यापासून गॅस करण्याची कल्पना इथे नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली असा गॅस वापरला गेला होता. कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या संयंत्रांवर आयुष्य वेचलं. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तांत्रिक अडचण एकच, पाण्याची: फ्लशच्या टाकीने दर खेपेला दहा लिटर गेले तर शेण पातळ होऊन कच्चंच बाहेर पडतं. उतारी, म्हणजे जास्त उताराचं भांडं बसवा, त्याला दीड-दोन लिटर पुरतात, आणि ॲसिडने धुणं कायमचं बंद. घरच्यांचं मन वळवायला महिनाभर लागतो तो लागू द्या, पण बांधकामाच्या आधी.

आत उतरू नका

बाहेर पडायच्या खोलीवर पहिल्याच दिवशी फरशा झाका. वासरू आणि पोर, दोघांनाही ती भरली खोली कोरड्या जमिनीसारखी दिसते. आणि टाकी साफ करायची वेळ आली तर कुणीही आत उतरायचं नाही, तोंडाला रुमाल बांधूनसुद्धा नाही. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आणि प्राणवायूचा अभाव माणसाला दोन-चार श्वासांत पाडतो, वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. वाळू गोळा होऊ दिली नाही तर साफसफाईची वेळ वर्षानुवर्षं येत नाही. आलीच तर गाळ पंपाने बाहेरून उपसा आणि पुढचं काम त्याची साधनं असलेल्या माणसांकडे द्या.

स्लरी

आत १०० लिटर गेलं की जवळपास तितकंच बाहेर येतं. दोन खड्डे आलटून-पालटून वापरा. एकात पालापाचोळा, उसाचं पाचट, गोठ्यातली उष्टावळ यांच्या थरांवर स्लरी सोडा. तो भरेपर्यंत दुसरा कुजून तयार होतो. उन्हात वाळवलेल्या स्लरीतला बराचसा नत्र उडून जातो, म्हणून शक्य तिथे ती ओलीच वापरा. भाजीपाल्याला आणि उसाला पाटाच्या पाण्यासोबत बादली-बादली सोडली तरी चालते. ठिबकमधून द्यायची असेल तर दोन वेळा गाळा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ड्रिपर तुंबतात.